कडवी जोडून छापली तर कविता तीच राहते का?

आडवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की एका छोट्या स्मरणिकेसाठी मी कविता दिली होती, बारा ओळींची, चार-चार ओळींची तीन कडवी. अंक हातात आला आणि बघते तर कडव्यांच्या मधल्या दोन्ही रिकाम्या ओळी गायब. बारा ओळी एकाखाली एक लावलेल्या, कारण खाली जाहिरात बसवायची होती. ज्यांनी पान लावलं त्यांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, ताई शब्द एकही बदललेला नाही, काना-मात्रा तपासून घेतलीय. आणि ते खरंच होतं हो, शब्द सगळे माझेच होते, पण वाचताना ती मला दुसऱ्याच कुणाची तरी कविता वाटली. घरी सगळे म्हणतात तू उगाच मनाला लावून घेतेस. पण मला खरंच समजून घ्यायचंय की त्या दोन रिकाम्या ओळींनी नक्की काय नेलं. कविता देते खाली, माझ्या मूळ मांडणीत.

घर विकलं गावचं
सही केली मुकाट्यानं
किल्ली मात्र दिली नाही
कुणी मागितली नाही

परसात आड होता
करकरता रहाट
आई ओढायची पाणी
उजाडायची पहाट

आता पर्समधे किल्ली
दहा दारं उघडते
एका दाराचीच कडी
रात्री कानात वाजते

शाळेत आपल्याला कडवं म्हणजे चार ओळी एवढंच शिकवलं, आणि परीक्षेत "पुढील कडवे पूर्ण करा". कडवं कवितेला नक्की काय करतं हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. जाणकारांनी प्लीज लिहा.

नवशिक्या

कविता खूप आवडली ताई. किल्ली कुणी मागितलीच नाही हे वाचून पोटात कालवलं.

मला एक बेसिक शंका, कडवं आणि चरण यात फरक काय? मी दोन्ही एकच समजत होतो.

मात्रामेळ

नवशिक्या, चरण म्हणजे एक पाद, आपण ढोबळमानाने ओळ म्हणतो ते. काही चरण मिळून कडवं होतं. श्लोकात चार चरण, लहान अभंगात दोन. ओवी, श्लोक, आर्या, शेर ही त्या-त्या छंदातल्या कडव्यांचीच नावं म्हणा ना. लावणी-पोवाड्यात चौक म्हणतात, गाण्यात अंतरा. एवढी वेगवेगळी नावं आहेत कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

आता आडवाट यांच्या कवितेकडे येतो कारण उदाहरण फार चांगलं मिळालंय. तुमची कविता अष्टाक्षरी आहे, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरूचा हिशेब नाही. मी सगळ्या ओळी मोजल्या, एकही चुकलेली नाही. दुसऱ्या कडव्यापासून यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला (रहाट-पहाट, उघडते-वाजते), पहिल्या कडव्यात मात्र ते तिसऱ्या-चौथ्याला आहे. हे मुद्दाम केलंत का?

आता मुख्य गोष्ट. तिसरं कडवं "आता" या शब्दाने सुरू होतं, त्यामुळे काळ बदलला हे तो शब्दच सांगतो. पण पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना असा कुठलाच शब्द नाही. घर विकलं आणि एकदम परसात आड होता. "तेव्हा" नाही, "लहानपणी" नाही, काहीच नाही. आपण चाळीस वर्षं मागे गेलो हे वाचकाला फक्त त्या रिकाम्या ओळीने कळतं. म्हणजे ती ओळ "तेव्हा" या शब्दाचं काम करत होती. ती काढली की "कुणी मागितली नाही, परसात आड होता" असं सलग वाचलं जातं आणि वाचक क्षणभर गोंधळतो की आड विकलेल्या घराच्या यादीतला आहे की काय. पान लावणाऱ्यांनी शब्द बदलला नाही हे खरं, पण एक शब्द काढला. तो छापलेला नव्हता एवढंच.

आडवाट

सर!! हेच मला सांगता येत नव्हतं. फोनवर मी नुसतं "कसंतरीच वाटतंय" म्हणत राहिले.

पहिल्या कडव्यातलं यमक मुद्दाम नव्हतं, ते आपोआप आलं आणि मग मला बदलवेना. दिली नाही / मागितली नाही हे दोन दरवाजे एकदम लागल्यासारखे वाटले.

सदाफुली

आडवाट ताई, तुमच्या आडावरून मला आमच्या आजीचं जातं आठवलं, जरा लांबण लागेल पण विषयाला धरूनच आहे.

आजी (वडिलांची आई) पहाटे दळायला बसायची, आम्ही नातवंडं गोधडीतून ऐकायचो. ओवी म्हणताना ती एक ओवी पुरी झाली की थांबायची आणि जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायची, त्याला आमच्याकडे वैरण घालणं म्हणतात. मग पुन्हा खुंटा धरून दुसरी ओवी. मध्ये नुसती घरघर ऐकू यायची, ती थांबत नसे कारण दुसरा हात फिरवतच असायचा. खूप वर्षांनी मी स्वतः कविता वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की दोन ओव्यांच्या मधली ती जागा रिकामी नव्हतीच, तिथे वैरण पडत होती. पुढच्या ओवीला लागणारं धान्य तिथे जात होतं. आणि कुठली ओवी आधी कुठली नंतर हे ठरलेलं नसायचं, भावावरची झाली की बापावरची, मध्येच विठ्ठल, मध्येच शेजारणीला टोमणा. एक ओवी स्वतःत पुरी, पण सगळ्या मिळून तिचं आयुष्य. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्या वाचताना मला सारखं जाणवतं की कागदावर एकाखाली एक आल्यात खऱ्या, पण मधली घरघर कागदावर येत नाही.

तुमच्या कवितेत मधल्या गॅपमध्ये मला ती घरघर ऐकू आली, म्हणून लिहिलं.

टाळकरी

सदाफुलीताई, माउली, फार सुंदर लिहिलंत.

आमच्या भजनी मंडळाच्या अनुभवावरून थोडं सांगतो. मोठ्या अभंगाचं एक कडवं म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं. तुकोबारायांचं बघा, सुंदर तें ध्यान (सहा) उभे विटेवरी (सहा) कर कटावरी (सहा) ठेवोनियां (चार). यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, विटेवरी-कटावरी. चौथा तुकडा आखूड आणि त्याला यमक नाही. या आखूड तुकड्यातच सगळी गंमत आहे. तीन वेळा सहा अक्षरं ऐकून कान चौथ्या वेळी सहाच मागतो आणि चारच मिळतात, उरलेल्या जागेत टाळ वाजतो, मृदंग बोलतो, ऐकणारा "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो. म्हणजे कडव्याच्या आतच श्वास घ्यायची जागा करून ठेवलीय. छापताना रिकामी ओळ सोडली काय न सोडली काय, अभंगाला फरक पडत नाही, जागा त्याच्या पोटातच आहे.

दुसरं ध्रुवपद. गाथ्यात ॥ध्रु.॥ अशी खूण असते, बहुतेक अभंगांत दुसऱ्या कडव्याला. एक कडवं म्हटलं की फिरून ध्रुवपदावर यायचं. त्यामुळे प्रत्येक कडव्याचा शेवट असा लागतो की तिथून ध्रुवपदात अर्थाने उतरता आलं पाहिजे. तेच शब्द पण प्रत्येक वेळी नव्या कडव्यानंतर येतात म्हणून जरा वेगळे ऐकू येतात. आणि शेवटच्या कडव्यात "तुका म्हणे" आलं की सगळे सावरून बसतात, आता गाठ मारली जाणार हे कळतं.

नवशिक्या

टाळकरी काका, मी लगेच पुढची ओळ मोजून बघितली. "तुळसीहार गळां" सात येतात की! तु-ळ-सी-हा-र-ग-ळां. चुकलंय का काही माझं?

टाळकरी

चुकलं नाही बाळा, सातच आहेत. म्हणताना "तुळसीहार" जरा चटकन घेतो आम्ही आणि गळ्यावर थांबतो, टाळात बरोबर बसतं. गळ्यातल्या छंदाला तेवढी सैल जागा असतेच. मोजायला लागलास याचाच आनंद झाला.

मात्रामेळ

टाळकरी यांनी आखूड चौथ्या तुकड्याचं म्हटलं, त्याचं मूळ ओवीत आहे. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी, आद्या-प्रतिपाद्या-स्वसंवेद्या अशी तीन चरणांना यमकं आणि मग "आत्मरूपा" हे छोटं, यमक नसलेलं. पण तिथे त्याचा उपयोग अगदी वेगळा केलाय. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ आहे, एवढा लांबचा प्रवास जर घट्ट मिटलेल्या कडव्यांनी केला असता तर माणूस दमला असता. शेवटचा चरण उघडा असल्यामुळे ओवी संपते पण दार लोटून घेत नाही, विचार पुढच्या ओवीत सहज सरकतो. कितीतरी ठिकाणी वाक्य एका ओवीत सुरू होऊन चार ओव्यांनंतर पुरं होतं, "जैसें" एकीकडे आणि "तैसें" पार पुढे.

याच्या उलट मनाचे श्लोक. भुजंगप्रयात वृत्त, प्रत्येक चरणात बारा अक्षरं, चार चरण आणि श्लोक बंद. २०५ श्लोक आहेत आणि प्रत्येक सुटा पाठ करता येतो. समर्थांनी काय केलंय, लागोपाठच्या अनेक श्लोकांना शेवटचं चरण तेच ठेवलंय, "जगीं धन्य तो दास सर्वोत्तमाचा". वरची तीन चरणं बदलत राहतात आणि चौथं त्याच जागी येऊन ठोकलं जातं. उपदेशाला हाच साचा हवा. ज्ञानेश्वरीतला दृष्टांत या साच्यात मावणार नाही आणि समर्थांचा ठोका ओवीत बसणार नाही (त्यांनी स्वतः दासबोध मात्र ओवीतच लिहिला, कारण तिथे विस्ताराने समजावून सांगायचंय). म्हणून मी म्हणतो की आधी विचार आणि मग त्याला कडव्याचं भांडं, असं नसतं. भांड्यावर ठरतं आत काय शिजेल.

कडूनिंब

चर्चा छान चाललीय पण थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं गाण्याच्या, पाठांतराच्या काळातलं झालं. आज कविता डोळ्याने वाचतो, फोनवर वाचतो. मी स्वतः मुक्तछंदात (अक्षर-मात्रांचा ठरलेला साचा नसलेल्या ओळींत) लिहितो, कडवी पाडत नाही, आणि मला चार-चार ओळींची कविता वाचताना बरेचदा असं वाटतं की चौथी ओळ भरायची म्हणून भरलीय. कवी अनिलांनी १९३५ च्या सुमाराला मुक्तछंद आणला तो याच जाचातून सुटायला ना? मग आता पुन्हा कडव्यांचं एवढं कौतुक का?

आडवाट, तुमच्या कवितेबद्दल हे नाहीये. तुमची कविता सलगसुद्धा मला आवडली असती. सलग छापली की ती एका दमात सांगून टाकल्यासारखी वाटते, जसं कुणी पहिल्यांदाच मनातलं बोलतंय आणि थांबलं तर रडू येईल म्हणून थांबत नाहीये. तोही एक अर्थ आहे.

आडवाट

कडूनिंब, हे मी विचारच केला नव्हता. थांबलं तर रडू येईल म्हणून न थांबणं... खरंय, तशीही ती कविता होऊ शकते. पण ती मग माझ्या बहिणीची कविता होईल, ती तशी बोलते :) मी सही करून दोन महिने कुणाशी काही बोलले नव्हते. माझ्यासाठी ते थांबणंच खरं होतं.

मात्रामेळ

कडूनिंब, तुमचा चौथ्या ओळीचा आक्षेप रास्त आहे, भरतीच्या ओळी आम्हीही खूप वाचल्यात. पण अनिलांचंच उदाहरण घेतलंत म्हणून सांगतो. मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या याच कवीने पुढे दशपदी नावाचा दहा ओळींचा घाट स्वतः घडवला आणि त्यात मन लावून लिहिलं. "दशपदी" संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार आहे. म्हणजे ज्याने भिंती पाडल्या त्यालाही नंतर आपल्या मापाची एक खोली बांधावीशी वाटली. त्याला जाच नको होता, घाट हवा होता.

मर्ढेकरांचंही तसंच. १९४७ च्या "कांही कविता"त यंत्रयुगातल्या शहराचं भकास जगणं आहे आणि साचा कितीतरी ठिकाणी अभंगाचा-ओवीचा. त्या साच्याबरोबर आपल्या कानात भक्तीचा सूर आधीच असतो, आणि शब्द ऐकू येतात ते गिरणीचे, गर्दीचे. ती टोचणी मुक्तछंदात लिहून आली नसती असं माझं ठाम मत आहे.

शेर_सोलापूरचा

सर, खोली वरून आठवलं, इंग्रजीत कडव्याला जो स्टँझा शब्द आहे तो इटालियनमधून आलाय आणि तिथे त्याचा अर्थच खोली. आडवाट यांची कविता तर घराचीच आहे! तीन खोल्या.

गझलवाला म्हणून माझे दोन पैसे. आमच्याकडे कडवं म्हणजे शेर, दोन ओळी, आणि तो स्वतःत पुरा. बाजूच्या शेराशी त्याचं विषयाचं नातं असलंच पाहिजे असं नाही, नातं फक्त काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द) आणि वृत्ताचं. पहिल्या शेरात विरह, दुसऱ्यात राजकारण, तिसऱ्यात मरण, चालतं. माधव जूलियनांनी १९३३ च्या गज्जलांजलीत फारसी वृत्तं मराठीत आणली पण त्यातल्या बऱ्याच रचना एकाच भावनेत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतात, शेर सुटा होत नाही. सुटा शेर मराठीत खऱ्या अर्थाने रुजवला तो सुरेश भटांनी. म्हणजे वृत्त आलं तरी कडव्याचा स्वभाव यायला मध्ये काही दशकं गेली, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

मुशायऱ्यात बघा, पहिली ओळ म्हटली की शायर ती पुन्हा म्हणतो, लोक वाट बघतात, मग दुसरी ओळ पडते आणि दाद येते. शेराचा सगळा जीव त्या दोन ओळींमधल्या वाट बघण्यात आहे. आडवाट, तुमचं "किल्ली मात्र दिली नाही / कुणी मागितली नाही" हा शेरच आहे हो. रदीफ "नाही", काफिया दिली-मागितली. मुशायऱ्यात यावर लोक उठून उभे राहतील.

म्हणून मी तुमची कविता दोन-दोन ओळींत मांडून बघितली, परवानगी न विचारता, माफी असावी.

घर विकलं गावचं
सही केली मुकाट्यानं

किल्ली मात्र दिली नाही
कुणी मागितली नाही

परसात आड होता
करकरता रहाट

आई ओढायची पाणी
उजाडायची पहाट

(पुढचं तसंच)

सही केल्यावर जो थांबा मिळतो त्याने किल्ली एकदम मोठी होते. कसं वाटतंय?

सदाफुली

पहिल्या दोन जोड्या फार छान वाटल्या. पण पुढे मला पटलं नाही दादा. "आई ओढायची पाणी / उजाडायची पहाट" हे वेगळं काढल्यावर सुभाषितासारखं झालं. आडाच्या आणि रहाटाच्या लगेच खाली असताना ते असं वाचायला मिळत होतं की रहाट फिरतोय, आई दोर ओढतेय आणि त्या दोराबरोबर पोहऱ्यात पहाटच वर येतेय. चार ओळी एकत्र असल्यामुळे ओढणं आणि उजाडणं एक झालं होतं. मध्ये जागा सोडली की दोर तुटला.

शेर_सोलापूरचा

मान्य ताई. दोर तुटला हे अगदी बरोबर. मी यमकाकडे बघत होतो, दोराकडे नाही.

मात्रामेळ

दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून बघा, नवशिक्या तुझ्यासाठी हा उत्तम अभ्यास आहे. कडव्याने दोन कामं होतात, आतल्या ओळींना एकमेकींना चिकटवणं आणि बाहेरच्यांपासून तोडणं. कुठे चिकटवायचं आणि कुठे तोडायचं हे कवीने ठरवायचं.

हेच सुनीतात, म्हणजे सॉनेटमध्ये, सगळ्यात स्पष्ट दिसतं. केशवसुतांनी १८९२ साली "मयूरासन आणि ताजमहाल" लिहिलं, मराठीतलं पहिलं सुनीत. चौदा ओळी. एका पद्धतीत त्या आठ आणि सहा अशा विभागतात, दुसरीत चार-चार-चार आणि शेवटी दोन. आठ-सहा असेल तर आठव्या ओळीनंतर विचाराला कलाटणी मिळते आणि कवीला ती कलाटणी निस्तरायला सहा ओळी मिळतात, निवांत. चार-चार-चार-दोन असेल तर बारा ओळी रचत जायचं आणि शेवटच्या दोन ओळींत निकाल द्यायचा, म्हणून तिथे चटका बसतो. ओळी चौदाच, पण खाचा बदलल्या की विचार करायची तऱ्हाच बदलते. मी शिकवत असताना मुलांना तेच सुनीत दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने वाचायला लावायचो, कुठे आवाज आपोआप खाली येतो ते ऐका म्हणायचो. व्याख्या विसरायची मुलं, पण आवाज कुठे खाली आला होता ते लक्षात राहायचं.

डॅलसकर

खूप दिवसांनी इतका छान धागा वाचला. मी इथे अमेरिकेत मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. मुलांना मराठी वाक्य बोलायचं म्हटलं की अडखळतात पण भोंडल्याची गाणी एका दमात म्हणतात आणि याचं कारण मला कडव्यात सापडलं. "अक्कण माती चिक्कण माती, खड्डा तो खणावा. अस्सा खड्डा सुरेख बाई, जातं ते रोवावं. अस्सं जातं सुरेख बाई, सपिटी दळावी." प्रत्येक कडव्यात शेवटी जी वस्तू येते तीच पुढच्याची सुरुवात. खड्डा, जातं, सपिटी, मग करंज्या. पाठ करायची गरजच नाही, आधीचं कडवं पुढच्याचा हात धरून आणतं. आणि गाण्याचा क्रम तोच कामाचा क्रम, जातं रोवल्याशिवाय पीठ नाही. एका मुलीने मध्येच करंज्या आधी म्हटल्या तर बाकीची ओरडली, "आधी दळ!" मला इतकं भरून आलं सांगू, ज्यांनी जातं फक्त फोटोत बघितलंय ती मुलं.

आणि "घालीन लोटांगण" घ्या. पहिलं कडवं मराठी, पुढची संस्कृत, छंद बदलतो तशी टाळी बदलते, "अच्युतं केशवं" ला तर सगळ्यांची टाळी धावायलाच लागते. वेगवेगळ्या ठिकाणची कडवी पण म्हणून म्हणून एकच होऊन गेलीत. माझ्या मुलांना ती वेगळी आहेत हे सांगितलं तर विश्वास बसत नाही.

कडूनिंब

डॅलसकर, "आधी दळ" वाचून हसलो आणि मग गप्प झालो.

मात्रामेळ सर, दशपदीचा मुद्दा पटला. काल रात्री माझ्या जुन्या मुक्तछंदातल्या कविता काढून मोठ्याने वाचल्या. मी कडवी पाडत नाही म्हणतो खरं पण जवळजवळ प्रत्येक कवितेत दोन-तीन ठिकाणी मी रिकामी ओळ सोडलीच आहे, आणि ती का सोडली हे मला सगळ्या ठिकाणी सांगता आलं नाही. काही ठिकाणी फक्त कविता लांब दिसत होती म्हणून. त्या जागा आता भरून टाकतोय, जिथे थांबल्यावर काहीतरी बदलतं तेवढ्याच ठेवणार.

मुक्तछंदात उलट जास्त जबाबदारी येते असं आता वाटायला लागलंय. चार ओळी झाल्या म्हणून थांबलो असं सांगायची सोय नाही.

नवशिक्या

मग कडवं हा शब्द कुठून आला कुणाला माहितीय का? कडू शी संबंध?

मात्रामेळ

नाही नाही, कडूशी नाही. अपभ्रंश भाषेतल्या (मराठी-गुजरातीच्या आधीची भाषा) काव्यांत कडवक नावाचा भाग असतो, काही ओळींचा गट आणि शेवटी घत्ता म्हणून वेगळ्या छंदातला छोटा समारोप. दहाव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या राजधानीत, मान्यखेटात, पुष्पदंताने महापुराण लिहिलं ते अशाच कडवकांत. आपलं कडवं आणि गुजरातीतलं कडवुं त्याच कडवकाचे वंशज. म्हणजे कडवं संपलं हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून छंद बदलायची युक्ती हजार वर्षांपूर्वीही होती, टाळकरी यांच्या आखूड चौथ्या तुकड्यासारखीच.

आडवाट

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, सदाफुली ताईंचा तर वहीत उतरवून घेतला.

काल एक केलं. आई बहिणीकडे असते, तिला आता वाचायला त्रास होतो, म्हणून फोनवर कविता वाचून दाखवली. आत्तापर्यंत तिला दाखवलीच नव्हती, घर विकल्याचा विषय आमच्यात निघत नाही. पहिलं कडवं वाचून मी थांबले तर पलीकडून "हं" असं आलं, आम्ही लहानपणी गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचो तसं. मी कडवं म्हणजे काय वगैरे तिला काही सांगितलं नव्हतं, तिने आपणहून बरोबर तिथे हं म्हटलं. दुसरं कडवं झालं, हं आला नाही. मी वाट बघितली. मग म्हणाली, "रहाट कुठला गं, कप्पी होती आपल्याकडे. रहाट शेजाऱ्यांचा होता."

मला काही सुचेचना. मी इतकी वर्षं रहाट रहाट धरून बसलेय. आवाज आठवतो करकर, तो कप्पीचा होता तर. आणि आता प्रश्न असा की कप्पी घातली तर पहाट जाते! यमकच मोडतं. आणि आई पाणी ओढते तेव्हा पहाट उजाडते हे मला सोडायचं नाहीये. मात्रामेळ सर, काय करू? यमकासाठी शेजाऱ्यांचा रहाट आपल्या आडावर ठेवणं मला आता जमणार नाही.

मात्रामेळ

ठेवू नका. आईंचं ऐका. यमक शब्दाला आहे, वस्तूला नाही. कप्पी ओळीच्या सुरुवातीला घ्या आणि ओळ "ट"वर संपवा. उदाहरणार्थ "दोराला कप्पीची वाट", आठ अक्षरं.

सदाफुली

दोर आणाच, वर माझ्याकडून निसटून लिहिला गेला तो आता खरोखर कवितेत येतोय.

शेर_सोलापूरचा

वाट-पहाट काफिया पक्का आहे. मी तर हेच ठेवेन.

आडवाट

दिवसभर घोळवत होते. "वाट" नीट बसतं पण मला दोर हाताला लागला पाहिजे, तिच्या हातांना घट्टे होते. सर, ट-ठ चं यमक कच्चं आहे हे माहितीय तरी असं करतेय:

परसात आड होता
कप्पीखाली दोर ताठ
आई ओढायची पाणी
उजाडायची पहाट

आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी दुसऱ्या कडव्यानंतर हं आला.

तिसऱ्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "किल्ली आत्ता आहे का जवळ?" आहे म्हटलं. "वाजवून दाखव."

टाळकरी

कच्चं असू दे माउली. म्हणताना बरोबर बसतंय.